फोड बाहेर, गांठ आंत

‘तोंड आलें’ ही तक्रार ज्या घरांत कधींच ऐकूं आली नाहीं, असें घर महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. जागरण झालें, उन्हाळा कडक पडला, पोट साफ राहिलें नाहीं, कारण कोणतेंही असो, उपाय मात्र ठरलेले असतात. आजीबाई जाईचा पाला चघळावयास देतात, कोणी ज्येष्ठमधाची कांडी सुचवितो, कोणी तुपाचें बोट फिरवितो. आणि चार-सहा दिवस मऊ भातावर व ताकावर काढले कीं तोंड पूर्ववत् होतें. या उपायांची थट्टा करण्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. बहुतेक प्रसंगीं ते पुरेसेच असतात, कारण असें तोंड आपल्या वेळेनें बरें होणारच असतें. परंतु अगदीं क्वचित् एखाद्याचें आलेलें तोंड जातच नाहीं. आठवडे लोटतात, महिना उलटतो. ओंठांवर रक्ताळलेल्या खपल्या धरतात, जीभ, गाल, टाळू सोलवटून निघतात, पाण्याचा घोटसुद्धां गिळवत नाहीं. मागाहून डोळे लाल होतात. छातीवर, पाठीवर, हातापायांवर नाना तऱ्हेचे डाग आणि फोड उठतात. घरचे म्हणतात, अंगांतली उष्णता बाहेर पडत आहे. रोगी दांतांच्या डॉक्टरकडे जातो, वैद्यांकडे जातो, शेवटीं त्वचेच्या डॉक्टरकडे येतो; आणि तेथें त्याच्या तोंडाकडे पाहून झाल्यावर डॉक्टर पोटाचें आणि छातीचें चित्र काढावयास सांगतात. मंडळी चकित होतात. दुखणें तोंडाचें आणि तपासणी पोटाची, हा कोणता न्याय?

या न्यायाची हकीकत आज वाचकांपुढें मांडावयाची आहे. तीत भय आहे हें आम्ही लपवीत नाहीं. पण वेळीं ओळख पटली तर कांहीं रोग्यांच्या बाबतींत तीत सुटकेचा मार्गही आहे, आणि तो मार्ग त्वचेवरून नव्हे तर त्या दूरच्या गांठीवरून जातो.

ज्या रोगाचें वर्णन वर केलें, त्याचें नांव पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगस. उच्चारावयास अवघड खरें, पण अर्थ सोपा आहे. पेम्फिगस हा शब्द ‘फोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला. निओप्लाझम म्हणजे नवी वाढ, अर्थात् गांठ. आणि पॅरा म्हणजे बाजूस, जवळ. गांठीच्या सोबतीनें येणारा फोडांचा रोग, एवढेंच त्या लांबलचक नांवांत सांगितलेलें आहे. मात्र गांठीच्या सोबतीनें म्हणजे गांठीच्या जागीं नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. गांठ पोटाच्या मागील बाजूस असते, छातींत असते, किंवा रक्तांत व लसिकाग्रंथींत पसरलेली असते. फोड उठतात ते तोंडांत. गांठीचा एकही कण तोंडापर्यंत आलेला नसतो. तोंडांतील तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तरी त्यांत कर्करोगाची पेशी दिसत नाहीं.

मग दोहोंचा संबंध लागतो कसा? त्यासाठीं त्वचेची बांधणी थोडी समजून घेतली पाहिजे. वरून सलग दिसणारी आपली कातडी सूक्ष्मदर्शकाखालीं विटांच्या भिंतीसारखी दिसते. एकेक वीट म्हणजे एकेक पेशी. या विटा नुसत्या रचलेल्या नसतात. बारीक बारीक खिळ्यांनीं त्या एकमेकींस जखडलेल्या असतात. या खिळ्यांस डेस्मोसोम म्हणतात. पेशींच्या बाहेरच्या अंगास डेस्मोग्लीन नांवाचीं प्रथिनें असतात, तीं शेजारणीचा हात धरून ठेवतात; आणि आंतल्या अंगास प्लाकिन वर्गाचीं प्रथिनें असतात, तीं त्या हातांस पेशीच्या आंतील सांगाड्याशीं बांधून ठेवतात. भिंतीस पायाशीं धरून ठेवणारी व्यवस्था पुन्हा निराळीच आहे. तिच्यांत इतर द्रव्यांबरोबर लॅमिनिन-३३२ नांवाचें एक प्रथिन काम करतें. तोंड, घसा, डोळ्यांची आंतली बाजू येथील अस्तरही अशाच बांधणीचें असतें. विटांमधले खिळे सुटले कीं भिंत मधूनच विसविशीत होते आणि पातळ, ढिला, हात लावतांच फुटणारा फोड येतो, हा पेम्फिगस. पायाशीं असलेला जोड सुटला, तर गिलाव्याचा आख्खा पापुद्रा उचलून यावा तसा वरचा सर्व थर उचलला जातो आणि टणक, ताठ फोड येतो, हा पेम्फिगॉइड. पूर्वीं हे दोन्ही रोग एकाच नांवाखालीं मोडत. त्यांना कायमचे वेगळे केलें तें वॉल्टर लेव्हर या त्वचारोगतज्ज्ञानें, सन १९५३ मध्यें.

खिळे आपोआप सुटत नाहींत. बाहेरून आलेल्या जंतूंस ओळखून त्यांस चिकटणारीं द्रव्यें आपल्या रक्तांत तयार होत असतात. त्यांस आपण प्रतिद्रव्यें म्हणूं. हीं शरीराची शस्त्रें होत. एरवीं तीं परक्यासच शोधतात. परंतु कधीं कधीं हा विवेक सुटतो आणि शस्त्र घरच्याच माणसावर चालतें. पेम्फिगसच्या रोग्यांच्या रक्तांत त्वचेच्याच पेशींना चिकटणारीं प्रतिद्रव्यें असतात, असें अमेरिकेंतील बफेलो येथें अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनीं १९६४ सालीं दाखवून दिलें. या रोगांच्या इतिहासांतील हें मोठें पाऊल होय. तत्पूर्वीं पेम्फिगस म्हणजे काय याविषयीं तर्कच चालत. आणि स्टेरॉइड औषधें येण्यापूर्वींच्या काळांत हा रोग झालेला मनुष्य बहुधा वाचत नसे.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. आपल्या देशांत जो पेम्फिगस आढळतो, तो बहुतांशीं साधा पेम्फिगस असतो. त्याचा कोणत्याही गांठीशीं संबंध नसतो. तो पुष्कळदां भर तारुण्यांत व मध्यम वयांत येतो, तोंडापासूनच सुरू होतो, आणि चिवट असला तरी आतां असाध्य राहिलेला नाहीं. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. जे. एस. पसरिचा यांनीं १९८० नंतरच्या दशकांत स्टेरॉइडची मोठी मात्रा महिन्यांतून सलग तीन दिवस शिरेवाटे देण्याची आणि तिला सायक्लोफॉस्फमाइडची जोड देण्याची पद्धत रूढ केली. देशभर असंख्य रोग्यांस तिचा लाभ झाला. त्यानंतर रिटुक्सिमॅब हें औषध आलें. तेव्हां हा लेख वाचून, पेम्फिगसचें निदान झालेल्या प्रत्येकानें आपल्या पोटांत गांठ आहे असें समजून झोंप उडवून घेऊं नये.

गांठ आणि त्वचा यांचा संबंध सांगणें सोपें, सिद्ध करणें कठीण. उतारवयांत कर्करोगही होतात आणि त्वचेचे विकारही होतात. दोन्ही एकाच माणसास झाले म्हणून एकानें दुसऱ्यास जन्म दिला असें कसें म्हणावें? एकाच दिवशीं घरांत पाहुणे आले आणि दूध नासलें, तर दोष पाहुण्यांकडे जात नाहीं. हा विवेक वैद्यकास शिकविण्यांत जर्मनींत शिकून पुढें न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या हेलन ऑलेंडॉर्फ कर्थ या विदुषींचा मोठा वांटा आहे. त्यांनीं कसोट्या घालून दिल्या. दोन्ही विकार साधारण एकाच सुमारास उद्भवले काय? गांठ काढली असतां त्वचा सुधारते आणि गांठ परतली असतां त्वचाही बिघडते काय? त्वचेचा अमुक विकार नेहमीं अमुक जातीच्या गांठीबरोबरच दिसतो काय? आणि मोजदाद केली तर हा योगायोगाहून अधिक वेळां घडतो काय? आम्हांस या कसोट्या फार मोलाच्या वाटतात. ‘एकाबरोबर एक’ आणि ‘एकामुळें एक’ यांतील भेद ज्यास कळला, त्याची निम्मी फसवणूक टळते. मग ती औषधाच्या जाहिरातींत असो कीं पंचांगाच्या भविष्यांत.

गांठी असलेल्या रोग्यांत पेम्फिगससारखे फोड दिसल्याच्या तुरळक नोंदी पूर्वींपासून होत्या. पण हा निराळा रोग आहे असें ठामपणें सांगितलें गेलें तें १९९० सालीं. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील ग्रँट अनहॉल्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं अवघ्या पांच रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पांचही जणांच्या शरीरांत गांठीचा विकार होता, पांचांचीं तोंडें वेदनामय व्रणांनीं भरलेलीं होतीं, आणि पांचांच्याही रक्तांतील प्रतिद्रव्यें साध्या पेम्फिगसच्या प्रतिद्रव्यांहून निराळीं होतीं. तीं नुसतीं हात धरणाऱ्या डेस्मोग्लीनवरच नव्हे, तर पेशीच्या आंतील चार प्रथिनांच्या एका समूहावर चालून जात होतीं. पुढें शोध लागला कीं यांतील बहुतेक प्रथिनें प्लाकिन घराण्यांतलीं आहेत: एन्व्होप्लाकिन, पेरिप्लाकिन, डेस्मोप्लाकिन अशीं त्यांचीं नांवें. रोग्यांचीं प्रतिद्रव्यें नवजात उंदरांस टोंचलीं तेव्हां त्या पिलांच्या कातडीसही फोड आले. म्हणजे दोष खरोखर प्रतिद्रव्यांचा होता. पांच रोगी ही संख्या वाचकांस अल्प वाटेल. पण पांचजणांना नीट पाहणें हें पांचशें जणांकडे ओझरतें पाहण्याहून कधीं कधीं अधिक फलदायी होतें.

प्रतिद्रव्यांच्या या निराळेपणावरच एक मोठी चतुर परीक्षा उभी आहे. उंदराच्या मूत्राशयाच्या अस्तरांत डेस्मोग्लीनचा जवळजवळ अभाव असतो, प्लाकिनें मात्र भरपूर असतात. त्या अस्तराच्या पातळ कापावर रोग्याच्या रक्तांतील पाणी घालावयाचें आणि चमकणारा रंग लावून पाहावयाचें. साध्या पेम्फिगसचीं प्रतिद्रव्यें तेथें धरावयास कांहीं न मिळाल्यामुळें निघून जातात, कांचेवर अंधारच राहतो. गांठीच्या सोबतीनें आलेल्या रोगाचीं मात्र चिकटतात आणि काप हिरव्या प्रकाशानें उजळतो. ही परीक्षा कधीं चुकते, हें खरें. प्रतिद्रव्यें न सांपडणारे रोगीही असतात. पण एका क्षुद्र प्राण्याच्या मूत्राशयानें माणसाच्या पोटांतील गुपित फोडावें, हें नवल आम्हांस वारंवार वाटतें.

आतां गांठीकडे वळूं. या रोगाच्या मागें असलेल्या गांठी बहुधा एका विशिष्ट कुळांतल्या असतात. लसिकाग्रंथींचा कर्करोग, एका जातीचा दीर्घकालीन रक्ताचा कर्करोग, छातींतील थायमस ग्रंथीची गांठ आणि कॅसलमनची गांठ. फुप्फुस, स्तन, आंतडें येथील नेहमींचे कर्करोग या यादींत फारसे नाहींत. ज्या लसिकापेशी प्रतिद्रव्यें बनवितात किंवा त्यांस शिकवण देतात, त्यांच्याच कुळांत बिघाड झाला असतां हा रोग संभवतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे कर्थबाईंची तिसरी कसोटी येथें कशी लागू पडते तें दिसेल. सुमारें दोन-तृतीयांश रोग्यांत गांठ आधींच माहीत असते; उरलेल्या एक-तृतीयांशांत तोंडाचें दुखणें आधीं येतें आणि त्यामागून शोध घेतला असतां गांठ सांपडते. ज्यांच्यासाठीं हा लेख लिहावासा वाटला, ते हे एक-तृतीयांश.

यांतील सर्वांत विलक्षण कथा कॅसलमनच्या गांठीची आहे. बोस्टन येथील विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन कॅसलमन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत तिचें वर्णन केलें, म्हणून तिला त्यांचें नांव मिळालें. एकाच जागीं असलेली ही गांठ वस्तुतः कर्करोग नव्हे. ती फोफावत नाहीं, इतर अवयवांत बीज टाकीत नाहीं. पोटाच्या मागील भिंतीशीं किंवा छातीच्या मध्यभागीं ती वर्षानुवर्षें निमूटपणें पडून राहूं शकते, आणि पुष्कळांस तिचा कांहीं उपद्रवही होत नाहीं. पण तिच्यापायीं हा फोडांचा रोग जडला म्हणजे हीच निरुपद्रवी गांठ प्राण घेणारी ठरते. लहान मुलें व तरुण यांच्यांत हा रोग आढळल्यास मागें बहुधा कॅसलमनचीच गांठ असते, आणि चीनमधील रोग्यांतही तिचेंच प्रमाण मोठें आहे.

त्यामुळेंच या गांठीचें रहस्य उलगडण्याचा मान चीनमधील वैद्यांकडे गेला, यांत आश्चर्य नाहीं. बीजिंग येथील संशोधकांनीं काढलेल्या गांठींतील लसिकापेशी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यक-नियतकालिकांत छापून आला: त्वचेवर चालून जाणारीं प्रतिद्रव्यें खुद्द गांठींतच तयार होत होतीं. म्हणजे गांठ ही नुसती निमित्त नव्हती. ती कारखानाच होती. तोंडास लेप लावणें म्हणजे कारखाना चालूं ठेवून गांवांतल्या विहिरी उपसत बसण्यासारखें झालें. हें सर्वच गांठींना लागू आहे असें नाहीं. इतर गांठींत कदाचित् शरीर गांठीवरच चाल करून जातें आणि गांठीच्या द्रव्याशीं साम्य असलेली त्वचा त्या धुमश्चक्रींत सांपडते. किंवा गांठीपासून पाझरणारीं उत्तेजक द्रव्यें प्रतिकारशक्तीचा तोल घालवितात. या वादांचा निकाल पुरता लागलेला नाहीं. पण कॅसलमनच्या गांठीपुरतें उत्तर हातीं आलें, आणि त्याचा उपयोग लगेच शस्त्रक्रियेच्या मेजावर झाला.

तो असा. गांठ ही प्रतिद्रव्यांनीं भिजलेल्या बोळ्यासारखी असेल, तर ती काढतांना दाबली गेल्यास आंतला सांठा एकदम रक्तांत पिळला जाणार. म्हणून शल्यवैद्य गांठीस शक्य तितका कमी स्पर्श करतात, तिच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या रक्तवाहिन्या शक्य तितक्या लवकर बांधून टाकतात, आणि शस्त्रक्रियेच्या आगेमागें निरोगी माणसांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिद्रव्यें रोग्याच्या शिरेंतून देतात. पिकलेलें फळ झाडावरून उतरवितांना जसा देंठ आधीं तोडावा, बोटें मागाहून लावावीं, तसें हें काम आहे. गांठ संपूर्ण निघाली तर त्वचेवरील फोड कांहीं आठवड्यांत सुकूं लागतात. तोंडास अधिक वेळ लागतो, कित्येक महिने. कारण रक्तांत उरलेलीं प्रतिद्रव्यें हळूहळूच ओसरतात. या मधल्या काळांत ‘शस्त्रक्रिया होऊनही गुण नाहीं’ अशी निराशा घरांत पसरते, तिला आधींच आवर घातलेला बरा.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं मग सर्वच गोड झालें. दुर्दैवानें तसें नाहीं. हीं प्रतिद्रव्यें त्वचा आणि तोंड एवढ्यावर थांबत नाहींत. फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांच्या अस्तरासही तीं इजा करतात. त्या नलिका हळूहळू अरुंद होतात आणि शेवटीं बुजतात. प्रथम जिना चढतांना धाप लागते, कोरडा खोकला येतो. त्या वेळीं छातीचें साधें चित्र बहुधा स्वच्छच दिसतें आणि दम्याच्या औषधानें उतार पडत नाहीं. या श्वासनलिका एकदां बुजल्या कीं गांठ काढूनही त्या पुन्हा उघडत नाहींत, आणि ज्यांची कातडी नितळ झाली अशा कित्येकांचा अंत श्वासाच्या अभावीं झाला. त्वचेच्या वैद्यानें फुप्फुसांची शक्ति मोजावयास सांगणें हा उगाच खर्च वाढविण्याचा प्रकार वाटतो, पण या रोगांत ती परीक्षा आरंभींच आणि पुढेंही ठराविक काळानें व्हावयास पाहिजे. अनेक अवयवांवर होणाऱ्या या आघातामुळें ‘पेम्फिगस’ हें नांवच अपुरें आहे, असें म्हणून २००१ सालीं कांहीं संशोधकांनीं ‘बहु-अवयवी’ असा शब्द असलेलें नवें नांव सुचविलें. आम्हांस तें अधिक सार्थ वाटतें, जरी जुनेंच अधिक रूढ आहे.

कर्करोगाच्या बाबतींत चित्र याहूनही बिकट असतें. लसिकाग्रंथींचा कर्करोग औषधांनीं आटोक्यांत आला तरी फोड जातीलच असें नाहीं. एकदां चेतविलेली प्रतिकारशक्ति पुष्कळदां आपल्या वाटेनें चालत राहते. म्हणजे कर्थबाईंची दुसरी कसोटी येथें नेहमींच उतरत नाहीं. फ्रान्समधील ५३ रोग्यांच्या एका पाहणीचे आंकडे २०१२ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत पांच वर्षांनंतर सुमारें ३८ टक्के रोगी हयात होते. हा आंकडा लहान आहे. परंतु पूर्वींच्या नोंदींत याहूनही थोडे रोगी वांचत, हेंही सांगितलें पाहिजे.

आतां ज्या फोडांनीं घरोघरचे वृद्ध त्रस्त होतात, त्यांजकडे वळूं. कारण गैरसमज होण्याचा संभव येथेंच अधिक. सत्तरी उलटलेल्या आजोबांच्या मांड्यांवर, दंडांवर, पोटावर आधीं बेसुमार खाज सुटते आणि मग ताठ, पाण्यानें भरलेले फोड येतात. हा बहुधा बुलस पेम्फिगॉइड असतो. त्याचा आंतील कर्करोगाशीं संबंध असावा अशी शंका दीर्घकाळ होती, आणि अजूनही मतभेद पुरते मिटलेले नाहींत. पण मोठ्या पाहण्या केल्यावर दिसून आलें तें असें कीं दोन्ही म्हातारपणाचे सोबती आहेत, एवढ्यानेंच बहुतेक योगायोगांचा उलगडा होतो. अशा रोग्याचें सर्व अंग यंत्रांत घालून पाहण्याची गरज सहसा नसते. त्याचें खरें नातें मेंदूच्या विकारांशीं आढळतें: पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश. आणि दुसरें एक नातें तर औषधाच्या डबींतच सांपडतें. मधुमेहासाठीं दिल्या जाणाऱ्या ग्लिप्टिन वर्गाच्या गोळ्या, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिन, घेणाऱ्यांत हे फोड अधिक आढळतात. आपल्याकडे या गोळ्यांचा प्रसार मोठा आहे. म्हणून आजोबांस डॉक्टरकडे नेतांना त्यांच्या सर्व औषधांच्या पट्ट्या बरोबर न्याव्या. गोळी मात्र आपल्याच विचारानें बंद करूं नये, ती बदलण्याचें काम डॉक्टरांचें.

पेम्फिगॉइडचा दुसरा एक प्रकार मात्र गांठीच्या दृष्टीनें दुर्लक्षून चालणार नाहीं. तो अंगावर थोडा आणि तोंड, घसा, डोळे यांच्या अस्तरांत अधिक होतो, आणि बरा होतांना व्रण ठेवून जातो. डोळ्यांत असे व्रण झाले तर पापणी बुबुळास चिकटते, दृष्टीही जाऊं शकते. या रोग्यांपैकीं कांहींचीं प्रतिद्रव्यें वर सांगितलेल्या लॅमिनिन-३३२ वर रोखलेलीं असतात. अशा ३५ रोग्यांची एक पाहणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं १० जणांस फुप्फुस, जठर, आंतडें, गर्भाशय अशा ठिकाणचे कर्करोग निघाले. येथें शोध घेणें हें कर्तव्यच ठरतें, आणि तें पहिल्या वर्ष-दोन वर्षांत अधिक काटेकोरपणें. गव्हांतील ग्लूटेनमुळें होणारा, कोपर-ढोपरांवर खाजऱ्या पुटकुळ्या आणणारा ड्यूरिंगचा रोग आपल्याकडे विरळा. त्यांत आंतड्याच्या लसिकापेशींच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो आणि गहू दीर्घकाळ वर्ज्य केल्यास तो कमी होतो, एवढें सांगितलें म्हणजे पुरें.

मग घरच्या माणसांनीं पाहावयाचें काय? आलेलें तोंड दोन-तीन आठवड्यांत न गेल्यास, ओंठांवर रक्ताच्या खपल्या धरल्यास, तोंडाबरोबर डोळे किंवा गुह्यांग सोलवटल्यास, अंगावर फोड उठल्यास, वजन घटत असल्यास किंवा गळ्यांत-कांखेंत गांठी लागत असल्यास घरगुती उपायांचा हट्ट सोडावा. जी गोष्ट मोकळेपणें बोलावयास संकोच वाटतो, तीच येथें निदानाची खूण ठरूं शकते. म्हणून विशेषतः भगिनींनीं डॉक्टरांपासून कांहीं लपवूं नये. ‘रक्तशुद्धि’ करणाऱ्या काढ्यांच्या बाटल्यांवर कितीही गोड भाषा असली तरी विटांमधले खिळे त्यांनीं बसत नाहींत. आणि याहूनही घातक संवय म्हणजे औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीवांचून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून घेणें. चार दिवस उतार पडतो हें खरें, कारण स्टेरॉइड खरोखरच प्रतिकारशक्ति दाबतात; पण त्याच गोळ्या लसिकापेशींच्या कर्करोगाचें रूप झांकूं शकतात आणि पुढें निदान करणें अवघड होऊन बसतें. घेतल्याच असतील तर तसें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. रागावतील या भीतीनें गप्प बसूं नये.

निदानासाठीं त्वचेचे किंवा तोंडाच्या अस्तराचे दोन लहान तुकडे लागतात, आणि त्यांची वाट निराळी असते. एक तुकडा फॉर्मलिनच्या बाटलींत पडतो. त्यावरून फोड भिंतीच्या कोणत्या थरांत आहे तें दिसतें. दुसरा, फोडाच्या शेजारच्या शाबूत कातडीचा, प्रतिद्रव्यें पाहण्यासाठीं असतो. तो फॉर्मलिनमध्यें कधींही टाकावयाचा नाहीं, कारण तीं प्रतिद्रव्यें ओळखण्याची सोय त्या द्रवांत नष्ट होते. त्याच्यासाठीं खास द्रव असतो. नाहींतर मिठाच्या निर्जंतुक पाण्यांत ठेवून तो त्याच दिवशीं प्रयोगशाळेंत पोंचवावा लागतो. लहान गांवांतून मोठ्या शहराकडे नमुने पाठवितांना नेमकी येथेंच गल्लत होते. तेव्हां तुकडे घेऊन घरचें माणूस निघालेंच असेल, तर बाटल्या दोन आहेत ना आणि दुसरींत काय भरलें आहे, एवढें विचारूनच त्यानें गाडी धरावी.